उंच लेलँडी हेज उतरवून घेतली, त्या टीमचा रिव्ह्यू

इंग्लंडमधे रेडिंगच्या आसपास ज्यांच्या घरामागे लेलँडीची हेज, म्हणजे दाट सदाहरित झाडांच्या कुंपणाची भिंत, वाढलीये त्यांच्यासाठी हे लिहितेय. दोन भाऊ आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा एक पोरगा, एवढीच टीम, मोठी कंपनी नाही, धड वेबसाइट पण नाही. आमची मागची हेज त्यांनी साडेपाच मीटरवरून अडीच मीटरवर आणली, तीही दोन टप्प्यांत, पहिला गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आणि दुसरा या फेब्रुवारीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण त्याआधी एक सांगते, या कामाचे जे पैसे लागतात ते वाजवी आहेत. "झाडंच तर कापायचीयेत, त्याला एवढे कशाला" हे वाक्य आपल्या लोकांत फार ऐकू येतं आणि मला ते आता ऐकवत नाही, कारण ते काम सुरू असताना मी खिडकीतून आणि नंतर बाहेर उभं राहून नीट पाहिलंय.

आधी आमची परिस्थिती. हेज घराबरोबरच आली, आधीच्या मालकांनी बरीच वर्षं तिला हात लावलेला नसावा. सोळा मीटर लांब, जाडी जवळपास दोन मीटर, आणि मुख्य म्हणजे बागेच्या दक्षिण टोकाला. इथे इंग्लंडच्या दक्षिणेत डिसेंबरात भर दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, म्हणजे साडेपाच मीटर उंच वस्तूची सावली २० मीटर लांब पडते, आणि आमची बाग आहे १४ मीटर. त्यामुळे नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत किचनमधे दिवसासुद्धा लाइट लावून पोळ्या लाटायच्या, मागचं गवत सगळं शेवाळलेलं, आणि एखाद्या दिवशी ऊन पडलंच तरी कपडे बाहेर घालायची सोय नाही कारण ते ऊन आमच्या दोरीपर्यंत पोचायचंच नाही. हिवाळ्यात इथे आधीच माणसाचा मूड जातो, त्यात हे.

लेलँडी हे झाड कुठल्या जंगलात आपणहून उगवलेलं नाही हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं. सायप्रसच्या दोन अमेरिकन जाती, मॉन्टेरे आणि नूटका, त्यांच्या मूळ जागा एकमेकींपासून ४०० मैलांहून जास्त लांब, निसर्गात त्यांची गाठ पडणं अशक्य. पण वेल्समधे वेल्शपूलजवळ लेटन हॉल नावाची इस्टेट आहे तिथे दोन्ही झाडं जवळजवळ लावलेली होती आणि १८८८ मधे त्यांचा संकर झाला. तिथल्या घराण्यातल्या लेलँडसाहेबाचं नाव त्याला पडलं. त्याच्या बीपासून रोप होत नाही, सगळी रोपं फांद्यांच्या कलमांवरून करतात. वाढ वर्षाला जवळजवळ एक मीटर. लोक लावतात ते याच कारणासाठी, दोन-चार वर्षांत आडोसा तयार, शेजाऱ्याची खिडकी दिसेनाशी होते. पण ते झाड आपलं आपण कुठे थांबत नाही, या देशात ३० मीटरच्या वर गेलेली लेलँडी आहेत. लावणाऱ्याला आडोसा मिळतो आणि पुढे त्या घरात राहायला येणाऱ्याला बिल.

तर कोटेशन. मी तीन घेतली. एकाने फोनवरच, न बघता, "साडेचारशे पाउंड कॅश, अर्ध्या दिवसात सपाट करून देतो" असं सांगितलं. दुसऱ्याने सगळी हेज मुळापासून काढून फेन्स लावायचा सव्वीसशेचा आकडा दिला, जो कदाचित बरोबरही असेल पण मला हेज ठेवायची होती, तिच्यात चिमण्या आणि ब्लॅकबर्ड असतात आणि मागच्या रस्त्याचा आवाजही कमी येतो. तिसरे हे दोघे भाऊ. पलीकडच्या गल्लीत एका घराची हेज इतकी सरळ कापलेली दिसली की मी बेल वाजवून विचारलं कोणी केली, त्या बाईंनी नंबर दिला. असं विचारायला लाजू नका, काम समोर दिसत असतं, फाइव्ह स्टारपेक्षा ते खरं.

थोरला भाऊ बघायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं मला दोन मीटर हवीये, एकदाच काय ते करून टाका. तो काही बोलला नाही, आधी पूर्ण हेजच्या कडेने चालत गेला, मग एका जागी थांबून त्याने हिरव्या पानांत हात घातला, कोपरापर्यंत, आणि पडदा बाजूला सारतात तसं ते बाजूला करून मला आत बघायला सांगितलं. बाहेरून गच्च हिरवी दिसणारी ती भिंत प्रत्यक्षात एक-दीड फुटाचा हिरवा थर होती. त्याच्या आत सगळं तपकिरी, वाळक्या काड्या, धूळ, जुनं घरटं, आणि एक प्लॅस्टिकचा फुटबॉल. तो म्हणाला, "इथपर्यंत जिवंत आहे. इथून आत कापलं तर परत काही येणार नाही, कधीच नाही." लेलँडीचं हे मुख्य आहे आणि सगळं काम याच्याभोवती फिरतं. जुन्या तपकिरी लाकडाला नवा फुटवा येत नाही. आपल्याकडे मेंदीचं किंवा जास्वंदीचं कुंपण बुडापासून छाटलं तरी पावसाळ्यात तरारून येतं, इथलं यू नावाचं झाडही तसं येतं, पण लेलँडी नाही. बाजूने जास्त खोल गेलात की तिथे तपकिरी भगदाड, आणि ते कायमचं.

म्हणून त्याने एकदाच दोन मीटर करायला चक्क नकार दिला. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही, मग वर्षभर झाडाला सावरू द्यायचं, मग पुढचा तिसरा हिस्सा. साडेपाचाचे आधी तीन-सत्तर, मग अडीच. जाडी फार कमी होणार नाही हेही त्याने तेव्हाच सांगितलं, बाजूने फक्त हिरव्यातलं हिरवं कापता येईल, दोन मीटरची दीड मीटर होणं शक्य नाही. मला ऐकायचं होतं ते हे नव्हतं, पण समोर आलेलं काम आणि पैसे नाकारून खरं सांगणारा माणूस मला आवडतो. पहिल्या टप्प्याचे ११५० पाउंड, कचरा उचलून नेण्यासकट. दुसऱ्याचे अंदाजे ८००, तेव्हा बघून सांगेन म्हणाला आणि प्रत्यक्षात ७८० घेतले.

माझ्या वहिनीकडे, ती मिल्टन कीन्सला असते, एका स्वस्तातल्या माणसाने नेमकं उलटं केलं होतं. तिला जागा हवी होती म्हणून त्याने एका बाजूने सरसकट अडीच फूट आत कापलं, दुपारपर्यंत काम खलास, पैसे घेऊन गायब. त्याला आता तीन वर्षं झाली, तिच्या बागेत बसलं की समोर तपकिरी वाळक्या काड्यांची भिंत आहे, तिने तिच्यावर आयव्ही चढवायचा प्रयत्न चालवलाय बिचारीने. ती फोनवर मला सतत सांगायची, स्वस्तात जाऊ नकोस, आणि तिचं ऐकलं हे बरं झालं.

वेळ फेब्रुवारीच्या शेवटची का, तर पक्षी. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याप्रमाणे वापरात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा गुन्हा आहे, आणि विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट धरतात. जो माणूस मे महिन्यात उंच हेज उतरवायला "हो हो करतो की" म्हणतो त्याच्याकडून काम करून घेऊ नका. हे लोक फेब्रुवारीत येऊनसुद्धा सुरुवातीला सगळी हेज आतून टॉर्च मारून बघत होते, कारण कबुतरं कॅलेंडर बघून अंडी घालत नाहीत. थोरल्याने कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नकाशावर आमच्याकडे झाडांचा संरक्षण आदेश आहे का, भाग कॉन्झर्वेशन एरिया (जुनं रूप जपायचा ठरवलेला भाग) आहे का हेही तपासलं होतं. कॉन्झर्वेशन एरियात असाल तर दीड मीटर उंचीवर खोड ७५ मिलिमीटरपेक्षा जाड भरलं की कौन्सिलला ६ आठवडे आधी कळवावं लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, पण त्याने स्वतःहून बघितलं याला महत्त्व आहे.

आता प्रत्यक्ष काम, आणि यासाठीच मी एवढं टाइप करतेय.

सकाळी आठला आले. पाऊस नव्हता पण गार वारा होता. आई तेव्हा कराडहून आली होती, ती शाल गुंडाळून मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसली ती दुपारपर्यंत हललीच नाही. त्यांनी आधी ताडपत्र्या पसरल्या, मग ओल्या गवतावर प्लायवूडचे तुकडे टाकून रस्त्यावरच्या चिपरपर्यंत (फांद्यांचा भुसा करणारं मशीन) वाट केली, मग दोन टोकांना बांबू उभे करून त्यांच्यात तीन मीटर पंचावन्नवर दोरी ताणली. मी विचारलं तीन-सत्तर ठरलं होतं ना, तर थोरला म्हणाला खोडं हव्या त्या उंचीच्या १५ सेंटिमीटर खाली कापायची, म्हणजे वरची कोवळी वाढ त्या कापलेल्या टोकांना झाकून टाकते आणि शेवटी उंची बरोबर येते, नाहीतर वरच्या मजल्यावरून बघितलं की तुम्हाला आयुष्यभर खुंट दिसत राहतील. हे बारकं आहे पण वरच्या बेडरूममधून आता खाली बघताना मला रोज कळतं त्याने काय केलं ते.

शिडी साधी नव्हती, तीन पायांची ट्रायपॉड. पुढे दोन पाय आणि मागे एकच लांब पाय, तो सरळ हेजच्या आत घुसवता येतो, आणि तिन्ही पाय वेगवेगळे कमी-जास्त होतात त्यामुळे उतारावरही सपाट उभी राहते. साधी शिडी हेजला टेकवली की हेज आत दबते आणि माणूस हेजसकट जातो. धाकटा भाऊ वर, आणि हातात चेनसॉ नाही तर हातकरवत. मला वाटलं होतं घर्र करून पटापट कापतील. थोरल्याने सांगितलं शिडीवरून चेनसॉ चालवायचा नाही, एक हात शिडीला हवा आणि चेनसॉला दोन हात लागतात, हिशोब जमत नाही. जपानी पद्धतीची वाकडी करवत, जी ओढताना कापते. तीन-साडेतीन मीटरवरची ती खोडं माझ्या मनगटापेक्षा जाड, काही त्याच्या दुप्पट, आणि सोळा मीटरमधे अशी पंचवीस-तीस तरी असतील कारण जुन्या मालकांनी फार जवळजवळ लावलेली.

आणि पलीकडे ग्रीनहाऊस. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांचं काचेचं ग्रीनहाऊस हेजपासून हात-दीड हात अंतरावर, त्यात त्यांची टोमॅटोची रोपं पेरून ठेवलेली. एक शेंडा जरी तिकडे पडला असता तर काचांचा चुराडा. म्हणून प्रत्येक शेंड्याला, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, आधी दोरी बांधायची, दोरीचं टोक खाली थोरल्याच्या हातात, धाकट्याने पलीकडच्या बाजूने करवत चालवायची, शेवटची दोन बोटं लाकूड राहिलं की तो "रेडी" म्हणायचा, थोरला दोरी ताणायचा आणि शेंडा हळूहळू आमच्या बाजूला वाकत खाली यायचा. मग शिकाऊ पोरगा तो ओढत नेऊन चिपरमधे घालायचा. परत शिडी हलवायची, तिन्ही पाय परत लावायचे, हलवून बघायचं, चढायचं, दोरी बांधायची. सकाळचा बराच वेळ फक्त हे एवढंच सुरू होतं आणि एकदाही त्यांनी "जाऊ दे याला दोरी नको" केलं नाही. मी पैसे कशाचे दिले असं कोणी विचारलं तर मी हे सांगते.

आई एवढं सगळं बघून म्हणाली, "अगं, ही तर आपली ऊसतोडच झाली की, फक्त वर चढून." आणि तिचं खरंच आहे. वरती कापणारा, खाली ओढणारा, मोळी वाहणारा, आणि सगळ्यांच्या अंगाला कूस लागल्यासारखी खाज. लेलँडीच्या आत वर्षानुवर्षं साचलेली तपकिरी धूळ असते, एक शेंडा हलला की ढग उठतो, गॉगल आणि मास्क असूनही त्यांच्या भुवया, कान, मान सगळं तपकिरी झालं होतं. शिवाय त्याचा चीक त्वचेला लागून काहींना पुरळ येतो, धाकट्याच्या मनगटावर ग्लोव्ह आणि बाहीच्या मधे लाल पट्टाच उमटलेला दिसला. तो म्हणाला होतं असं, संध्याकाळी जातं. फेब्रुवारीची थंडी, आम्ही आत हीटर लावून, आणि ती माणसं टी-शर्ट घामाने भिजवून. आईने मला आत पिटाळलं, "चहा टाक आधी, आलं घालून, आणि साखर कमी नको टाकूस." तिन्ही पोरांनी चहा घेतला, शिकाऊ पोरगा तर दुसऱ्या दिवशी "तो स्पायसी टी आहे का" विचारत आला. पोहे पण केले, थोरल्याने मिरच्या बाजूला काढून खाल्ले.

दुपारनंतर मशीन. बाजू आणि वरचा सपाट भाग हेज ट्रिमरने, आणि पलीकडची बाजू लांब दांड्याच्या ट्रिमरने. लांब दांड्याचं मशीन सहा किलोच्या आसपास असतं, ऐकायला फार नाही, पण पुढे टोकाला जड आणि हात खांद्याच्या वर धरून ते आडवं फिरवायचं, सपाट ठेवून, दोरीच्या रेषेवर. तुम्ही सहा किलोची पीठाची पिशवी डोक्यावर धरून दोन मिनिटं उभे राहून बघा फक्त. आणि ते थरथरतं. थोरला भाऊ घड्याळ बघून मशीन धाकट्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः काट्याने कापलेलं खाली ओढायला लागायचा, मग परत उलट. मला वाटलं दमला म्हणून. विचारलं तर म्हणाला थरथरीचा हिशोब असतो. २००५ पासून इथे त्याचे नियम आहेत, दिवसभरात हाताला किती कंपन बसलं तर चालतं याची मर्यादा ठरलेली आहे, प्रत्येक मशीनचा आकडा कागदावर असतो त्यावरून किती वेळ धरायचं ते काढतात. नाहीतर बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, पुढे संवेदना जाते आणि ती परत येत नाही. त्याने ज्याच्याकडे काम शिकलं त्या माणसाला आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत, बायको लावून देते. हे तो अगदी साधेपणाने सांगत होता, ब्लेडवर साचलेला चीक स्प्रे मारून पुसता पुसता. जो माणूस अर्ध्या दिवसात साडेचारशेत सपाट करून देतो तो हा हिशोब कुठे करत असेल? त्याच्या हाताखालची पोरं तर नाहीच नाही.

बाजू कापताना खाली रुंद, वर निमुळती ठेवतात हेही मला नव्याने कळलं. खालच्या पानांना ऊन मिळतं, नाहीतर बुडाशी हेज उघडी पडते, आणि बर्फ पडला तर वरती साचून फांद्या फाकवत नाही. उभं सरळ कापणं सोपं, पण हा उतार सोळा मीटरभर एकसारखा ठेवणं याला नजर लागते. धाकटा दर थोड्या अंतराने खाली उतरून पार बागेच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या खुर्चीपाशी जाऊन एक डोळा मिटून बघायचा.

इथे थोडं विषयांतर. स्कॉटलंडला पर्थहून ब्लेअरगाउरीकडे जाताना ए-९३ रस्त्यावर मीकलावर नावाचं गाव लागतं, तिथे रस्त्याकडेला बीचची हेज आहे, १७४५ मधे लावलेली, उंची ३० मीटर आणि लांबी ५३० मीटर, जगातली सगळ्यात उंच हेज म्हणून तिची नोंद आहे. आम्ही ती मागे सुट्टीत गाडी थांबवून बघितली होती, तेव्हा फोटो काढले आणि पुढे गेलो. ती साधारण दहा वर्षांतून एकदा छाटतात, क्रेनसारख्या हातावर चढणाऱ्या पाळण्यात उभं राहून. आमच्या तीन-सत्तरला एवढं दोरखंड आणि घाम लागला, तर ३० मीटर उंच, अर्धा किलोमीटर लांब हिरव्या भिंतीला सरळ धार देणारी माणसं काय ताकदीची असतील! ते फोटो मी परत काढून थोरल्याला दाखवले. तो मोबाइल हातात घेऊन झूम करून करून धार बघत होता.

कचरा. याचा विचार आपण करतच नाही. सोळा मीटर लांबीचा दोन मीटर उंच तुकडा म्हणजे किती ढीग होतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही, बाग भरली होती. सगळं चिपरमधून बारीक करून ट्रकमधे, दोन खेपा झाल्या. त्यातला थोडा भुसा मी ठेवून घेतला शेडच्या वाटेवर टाकायला, छान वास येतो लिंबासारखा. इथे दुसऱ्याचा कचरा वाहून नेणाऱ्याकडे त्याचं रजिस्ट्रेशन लागतं, एनव्हायर्नमेंट एजन्सीचं, आणि ते नसलेल्याने तुमच्या फांद्या नेऊन कुठे रस्त्याच्या कडेला टाकल्या तर चौकशी तुमच्या दारापर्यंत येऊ शकते. म्हणून कोटेशन घेतानाच विचारा की कचरा धरून आहे का आणि रजिस्ट्रेशन आहे का. तसंच पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सचा, म्हणजे कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणाऱ्या विम्याचा, कागद मागा. यांनी मी मागायच्या आधीच दोन्ही ईमेलवर पाठवले होते. चेनसॉचे सर्टिफिकेट पण दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. शेजारच्या आजींच्या बाजूला जाऊन, त्यांची परवानगी आधीच घेतलेली होती, तिकडचं गवत आणि ग्रीनहाऊसचं छप्पर ब्लोअरने आणि मग हाताने साफ केलं. आजी बाहेर येऊन काचा मोजत होत्या, सगळ्या जागेवर.

आता अर्धा मार्क. एक, मेसेजला उत्तर द्यायला हे लोक भयंकर उशीर करतात, कधी कधी तीन-चार दिवस, दिवसभर शिडीवर असतात हे समजतं पण एक "बघतो" तरी टाकावं माणसाने. दोन, पहिल्यांदा ठरलेला दिवस वाऱ्यामुळे पुढे ढकलला, ते बरोबरच केलं कारण वाऱ्यात शेंडा कुठे जाईल सांगता येत नाही, पण निरोप सकाळी साडेसातला आला आणि मी त्यासाठी सुट्टी टाकली होती. तीन, प्लायवूड टाकूनही गेटपाशी गवतात ढकलगाडीच्या चाकाची खोल चाकोरी पडली, ती मी सांगितल्यावर मातीने भरून दिली पण मेपर्यंत तिथे टक्कल होतं. दगडगोट्यांच्या पट्ट्यात बारीक काड्या अडकल्या त्या अजून निघतायत. एवढंच.

पहिल्या टप्प्यानंतर हेजचा माथा उघडा, खुंट दिसणारा, जरा बोडका वाटत होता, घाबरू नका. उन्हाळाभर कडेच्या फांद्यांनी वळून तो झाकत आणला. ऑगस्टच्या शेवटी हलकी छाटणी करून घेतली, २६० पाउंड, फक्त त्या वर्षीची कोवळी वाढ, म्हणजे उंची तीन-सत्तरवर राहिली. आणि मग डिसेंबर आला. तीन-सत्तरची सावली पडते साधारण चौदा मीटर, म्हणजे बरोबर किचनच्या दारापर्यंत, आणि सिंकसमोरची खिडकी त्याच्या वर असल्याने दुपारी बारा ते एकच्या सुमारास तिथे ऊन यायला लागलं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल लावला, ती म्हणाली, "पापड वाळतील का बघ आता." तेवढं नाही, पण ओट्यावर ऊन आहे, डिसेंबरात, इंग्लंडमधे.

या फेब्रुवारीतला दुसरा टप्पा सोपा गेला, खोडं जाड होती पण उंची कमी असल्याने शिडीऐवजी छोट्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून काम झालं, शिकाऊ पोराने यावेळी स्वतः दोऱ्या बांधल्या आणि थोरला खालून ओरडत होता. दिवसात उरकलं. आता अडीच मीटर आहे, यापुढे ते शिडीशिवाय जमिनीवरून पोचतील असं त्यांचं गणित, त्यामुळे छाटणीचा खर्चही कमी राहील.

ज्यांची अडचण स्वतःची हेज नसून शेजाऱ्याची आहे त्यांच्यासाठी: इंग्लंडमधे २००३ च्या अँटी-सोशल बिहेव्हियर कायद्याचा आठवा भाग याच विषयावर आहे, जून २००५ पासून लागू. दोन किंवा जास्त सदाहरित झाडांची रांग, दोन मीटरहून उंच, आणि तुमच्या घराच्या किंवा बागेच्या उजेडात अडथळा, असं असेल तर कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण आधी शेजाऱ्याशी बोलून प्रयत्न केला हे दाखवावं लागतं, कौन्सिलची फी भरावी लागते आणि ती काही कमी नसते, आणि दोन मीटरच्या खाली आणायचा आदेश कौन्सिल देऊ शकत नाही. त्या भानगडीत पडण्याआधी शेजाऱ्याकडे जाऊन "खर्च अर्धा अर्धा करू" म्हणून बघा, कौन्सिलची फी आणि अर्धा खर्च यांत फार फरक निघायचा नाही, आणि बोलणं तरी चालू राहतं.

यांचं बुकिंग फेब्रुवारीसाठी ऑक्टोबरातच भरतं, थंडी पडल्यावर आठवण झाली तर जागा मिळत नाही. मी ऑगस्टच्या छाटणीची तारीख आत्ताच घेऊन ठेवलीये, शेजारच्या आजींची समोरची छोटी प्रिवेटची हेज पण त्याच दिवशी करून घेणार आहोत, म्हणजे त्यांना एकटीच्या कामासाठी वेगळे पैसे नकोत.